परदेशात असताना गावच्या खात्याची चावी कोणाकडे?

आपल्या मुलखातून परदेशी जाणारा माणूस नवा नाही. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कितीतरी घरांचे संसार कुवेत, सौदी अरब, दुबई, कतर, बहरीन येथील कमाईवर उभे राहिले. भिवंडी, मालेगावचे कापडवाले माल पाहण्यासाठी व गिऱ्हाईक शोधण्यासाठी दुबईला जातात, चीनला जातात. हज आणि उमराहला जाणारे वेगळेच. निघताना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, औषधे, लोणच्याची बरणी सगळे आठवणीने बांधले जाते. बँकेचे काय, हा प्रश्न मात्र बहुतेकांना तिकडे पोहोचून आठवडा झाल्यावर सुचतो. तोपर्यंत इलाज अवघड झालेला असतो.

जुन्या काळी हा प्रश्न सोपा होता. तिकडून ड्राफ्ट काढायचा, रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि घरच्यांनी तो शाखेत भरायचा. वेळ लागे, पण चोरालाही पैसे काढायचे तर शाखेत येऊन सही करावी लागे, आणि मॅनेजर घरच्या सगळ्यांना ओळखत असे. आज बँक खिशात आली आहे. खाते गावी, मालक दमामला आणि व्यवहार एका बोटावर. सोय मोठी झाली, पण त्या सोयीबरोबर खात्याची चावी सहीवरून निघून मोबाईल नंबरवर आली, हे आपल्या लोकांच्या अजून नीट ध्यानात आलेले नाही. ही चावी परदेशात असताना कशी सांभाळायची, तेवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय केवळ सोयीचा नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला, तेव्हा तिथल्या भारतीयांना मिळेल त्या वाटेने बाहेर पडावे लागले. एक लाखाहून अधिक लोकांना अम्मानहून विमानांनी मायदेशी आणले गेले. ज्यांची कमाई तिथल्या बँकेत किंवा मालकाकडे अडकली होती ते रिकाम्या हाताने आले. ज्यांची कमाई वेळोवेळी गावच्या खात्यात पोहोचली होती त्यांना निदान उभे राहण्यापुरता आधार मिळाला. म्हणून गावचे खाते हे परदेशी माणसाचे दुसरे घरच समजा. त्या घराला कुलूप चांगले हवे आणि चावी योग्य हातात हवी.

पहिली गोष्ट : मोबाईल नंबर

नेटबँकिंग असो, कार्ड असो, पासवर्ड विसरलेला असो, बँक ओटीपी पाठवते तो खात्याला जोडलेल्या नंबरवर. व्यापाऱ्याच्या बाबतीत तर जीएसटी, आयकर आणि आधार यांचे ओटीपीही बहुधा त्याच नंबरवर येतात. तो नंबर बंद पडला तर खात्यात लाख रुपये असूनही हात लावता येत नाही.

आपले लोक तिकडे गेल्यावर तिथले सिम घेतात आणि इकडचे सिम काढून पाकिटात ठेवतात. काही दिवसांत रिचार्ज संपतो. प्रीपेड सिमवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिला जातो. मग आपल्या खात्याचे संदेश एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. आपल्याला पत्ता नसतो, कारण आपण नवा नंबर बँकेला कळवलेलाच नसतो.

यावर उपाय असे आहेत. निघण्यापूर्वी त्या सिमवर परदेशातील रोमिंग चालू करून घ्या आणि चालू झाल्याचा संदेश आल्याखेरीज विमानात बसू नका. दोन सिमचा फोन असेल तर इकडचे सिम एका जागी कायम ठेवा. त्याचे इंटरनेट बंद ठेवा, म्हणजे नाहक बिल येणार नाही. संदेश मात्र येत राहतील. परदेशात संदेश येण्यास पैसे पडतात की नाही हे कंपनीला आधीच विचारून घ्या. रिचार्जची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा व ती जबाबदारी घरातल्या एकावर सोपवा. सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो, तो लावा. फोन चोरीस गेला तर चोराला ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून आपले ओटीपी वाचता येणार नाहीत.

काही जण सिम घरीच ठेवून जातात आणि गरज पडली की व्हॉट्सअॅपवर विचारतात, "ओटीपी आला का? सांग." हा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात दोन धोके आहेत. एक, घरच्यांना फोनवर ओटीपी सांगण्याची सवय लागते. उद्या तुमच्या फोटोच्या नावाने कोणी भामट्याने विचारले तरी ते त्याच भाबडेपणाने सांगतील. दोन, ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँक शंभरदा बजावते. तो सांगून नुकसान झाले तर बँक हात झटकते. म्हणून नंबर जिथे मालक तिथेच असावा.

जो दीर्घ मुदतीसाठी नोकरीला चालला आहे त्याने बँकेत अर्ज करून तिकडचा नंबर आणि ई-मेल खात्याला जोडून घ्यावा. बहुतेक मोठ्या बँका अनिवासी खात्यासाठी परदेशी नंबर स्वीकारतात. जानेवारी २०२३ मध्ये तर यूपीआयसाठीही अनिवासी खात्याला परदेशी नंबर जोडण्याची परवानगी मिळाली. त्या वेळच्या दहा देशांच्या यादीत सौदी अरब, संयुक्त अरब अमिरात, कतर आणि ओमान होते; कुवेत व बहरीन नव्हते. आपला देश आणि आपली बँक यांत बसते का, हे शाखेत विचारूनच निघावे.

दुसरी गोष्ट : खाते कोणत्या प्रकारचे

पंधरा-वीस दिवसांच्या उमराहला किंवा माल खरेदीला जाणारा माणूस इथलाच रहिवासी राहतो. त्याचे खाते आहे तसे चालते. जो नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी परदेशी राहायला जातो, तो परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या म्हणजे १९९९ च्या फेमाच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. त्याने आपले साधे बचत खाते बँकेला कळवून अनिवासी करून घ्यायचे असते. हजारो लोक हे करत नाहीत. वर्षानुवर्षे साधेच खाते चालवतात आणि एके दिवशी बँक केवायसीचे कागद मागते तेव्हा परदेशाचा व्हिसा आणि इथला पत्ता यांचा मेळ बसत नाही. मग खात्यावर बंधने येतात, तीही नेमकी घराचा स्लॅब पडायचा असतो तेव्हा.

अनिवासी खाती मुख्यतः दोन. इथली कमाई, म्हणजे घरभाडे, दुकानाचे भाडे, शेतीचे किंवा भागीदारीचे पैसे ज्यात येतात ते एनआरओ. त्याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा कर मुळातच कापला जातो. कर भरून झाल्यावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशातील कमाई जिच्यात पाठवायची ते एनआरई. त्यातली रक्कम हवी तेव्हा परत नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत त्याच्या व्याजाला इथे आयकर नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांना व्याजच नको असते. त्यांनी लक्षात ठेवावे की ही दोन्ही खाती चालू खाते म्हणूनही उघडता येतात.

कोणत्या खात्यात काय भरायचे, ही शिस्त पाळली तर पुढे पुरावा हाती राहतो. घर बांधताना, जमीन घेताना, मुलीच्या लग्नात पैसा कुठून आला असे कोणी विचारले तर एनआरई खात्याचा उतारा पुढे केला की प्रश्न मिटतो. हुंडीवाल्याकडून, म्हणजे हवाल्याने आलेल्या पैशाला असा कागद नसतो. दोन पैसे भाव जास्त मिळतो म्हणून लोक त्याच्याकडे जातात. पैसे पोहोचले नाहीत तर दाद कुठे मागणार? वर फेमाच्या कलम १३ प्रमाणे गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. परवानाधारक एक्स्चेंज हाऊस किंवा बँक यांच्यामार्फत पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तिसरी गोष्ट : मागे घरी अधिकार कोणाला

आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान परक्या चोराने केलेले नसते. ते घरातल्या घरात होते, आणि म्हणूनच त्याची वाच्यता होत नाही. परदेशी जाणारा माणूस एटीएम कार्ड आणि पिन भावाच्या किंवा मेव्हण्याच्या हाती देतो. चेकबुकवर पंधरा-वीस कोऱ्या सह्या करून ठेवतो. देताना मनात असते, "आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला?" सात वर्षांनी परत आल्यावर हिशेब जुळत नाही. भाऊ म्हणतो घराला लागले, अब्बांच्या इलाजाला लागले. कदाचित तो खरेही बोलत असेल. पण कागद नसल्याने खरे-खोटे ठरत नाही आणि दोन घरांचे बोलणे कायमचे बंद होते. पैसा गेला तो गेला, नातेही गेले.

पिन देणे म्हणजे भरवसा दाखवणे, हा समज काढून टाकला पाहिजे. पिन दिल्यावर कोणी किती काढले याची वेगळी नोंद राहत नाही. बँकेच्या दृष्टीने प्रत्येक व्यवहार मालकानेच केलेला असतो. खरा भरवसा अधिकारपत्राने दाखवावा. बँकेत त्यासाठी मॅन्डेट किंवा मुखत्यारपत्राची सोय आहे. त्यात अमुक माणसाला अमुक खात्यावर सही करण्याचा अधिकार दिला असे लिहिलेले असते. चेकवर सही त्याची पडते, म्हणून नोंदही त्याच्या नावाने राहते. एनआरई खात्यावर अशा मुखत्याराला इथले खर्च भागवता येतात, पण मालकाच्या वतीने नवे खाते उघडणे किंवा कोणाला भेट म्हणून रक्कम देणे त्याला करता येत नाही. म्हणजे कायद्यानेच अधिकाराला कुंपण घातले आहे. तिकडे पोहोचल्यावर मुखत्यारपत्र करायचे झाले तर भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात त्यावर साक्षांकन करून घ्यावे लागते. इथून निघण्यापूर्वी केले तर तो हेलपाटा वाचतो.

हा अधिकार भावालाच द्यावा असा काही नियम नाही. अनेक घरांत बायको शिकलेली असते, घर तीच चालवते, पण दर महिन्याला पैशासाठी दिराकडे किंवा सासऱ्याकडे हात पसरते. तिच्या नावाने अधिकारपत्र करा. किंवा त्याहून सोपी तजवीज म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाने एक घरखर्चाचे खाते उघडा आणि आपल्या मोठ्या खात्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम त्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मोठ्या खात्याची चावी आपल्याकडे राहील आणि घर कोणाच्या मेहरबानीवर राहणार नाही.

संयुक्त खाते करायचे असेल तर इथल्या जवळच्या नातेवाईकाचे नाव एनआरई खात्यात "पहिला अथवा हयात" या पद्धतीने घालता येते. मालक हयात असेपर्यंत हक्क त्याचा. नातेवाईक त्याच्या हयातीत फक्त मुखत्यार म्हणून व्यवहार करू शकतो.

वारस नोंदणीकडेही लक्ष द्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात व कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती त्या पैशाची मालक होत नाही. तिने बँकेकडून रक्कम घेऊन कायदेशीर वारसांना त्यांचा हिस्सा पोहोचवायचा असतो. ती अमानत आहे. आणि मालकाचा इंतकाल झाल्यावर त्याचे कार्ड वापरून पैसे काढणे हे घरच्यांनाही अधिकारात बसत नाही, मग गरज कितीही खरी असो. मुखत्यारपत्रही त्याच क्षणी संपते. नामनिर्देशन झालेले असेल तर अशा दुःखाच्या वेळी घरच्यांचे बरेच हाल वाचतात.

व्यापाऱ्याने काय करावे

यंत्रमाग किंवा दुकान चालवणाऱ्याची अडचण वेगळी. तो वीस दिवस बाहेर असला तरी सुताचे पैसे, मजुरी, वीजबिल, कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून मुनीमाला किंवा मुलाला मालकाचा पासवर्ड दिला जातो. ही पद्धत सोडा. चालू खात्यासाठी बहुतेक बँका प्रत्येकाला वेगळा वापरकर्ता देतात. एकाने पेमेंट तयार करायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, अशी व्यवस्था त्यात असते. मुनीम भिवंडीत बिल चढवील, तुम्ही मदिनेत हॉटेलवर बसून ते पाहून मंजूर कराल. रकमेची मर्यादाही घालता येते. नव्या माणसाचे खाते यादीत चढवण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवा. नेहमीच्या पार्ट्यांची नावे निघण्यापूर्वीच चढवून घ्या. हप्ते व वीजबिल यांना आपोआप कापले जाण्याची सूचना देऊन ठेवा आणि खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

कार्ड आणि एटीएम

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे नवे कार्ड मुळात देशातल्या वापरापुरतेच चालू असते. परदेशातला वापर गिऱ्हाईकाने स्वतः चालू करायचा असतो. जिद्दाह विमानतळावर कार्ड चालले नाही म्हणून घाबरणाऱ्यांपैकी कित्येकांचे कार्ड खराब नसते, ते चालूच केलेले नसते. बँकेच्या अॅपमध्ये ही बटणे असतात. जाण्याआधी परदेश वापर चालू करा, रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा आणि परतल्यावर बंद करा. ज्या कार्डावर ऑनलाइन खरेदी करायची नाही, त्याचे ते बटण बंदच असू द्या.

दोन कार्डे असतील तर दोन वेगळ्या जागी ठेवा. तवाफच्या गर्दीत किंवा बाजारात पाकीट गेले तर दुसरे कार्ड खोलीवर सुरक्षित असेल. पिन कागदावर लिहून कार्डाजवळ ठेवू नका. शक्यतो बँकेच्या शाखेतले एटीएम वापरा. कार्ड घालण्याची खाच हलवून पाहा, सैल वाटली तर दुसरीकडे जा, आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताने झाका.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. परदेशातले यंत्र किंवा दुकानदार विचारतो, "रक्कम रुपयांत कापू की इथल्या चलनात?" आपल्या माणसाला रुपये ओळखीचे वाटतात आणि तो हो म्हणतो. तिथे भाव दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. रियाल, दिरहम जे असेल त्यातच कापायला सांगा.

फोनवर व्यवहार करताना

हॉटेल, विमानतळ, कॉफीचे दुकान येथील फुकटचे वायफाय गाणी ऐकायला ठीक आहे. बँकेचे काम स्वतःच्या मोबाईलच्या इंटरनेटवर करा. एका खोलीत आठ-दहा जण राहतात तिथे एकमेकांचा फोन वापरणे चालते, पण दुसऱ्याच्या फोनवर स्वतःचे खाते उघडू नका आणि आपल्या फोनला कुलूप ठेवा.

बँकेची खरी वेबसाइट कशी ओळखायची, यावर आता एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना "डॉट बँक डॉट इन" हा राखीव पत्ता घेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तेव्हा पत्त्याच्या शेवटी हे शब्द आहेत की नाहीत ते पाहा. नाव सारखे पण शेवट वेगळा असेल तर पुढे जाऊ नका.

भामट्यांच्या तऱ्हा रोज बदलतात, पण मुळाशी दोनच हत्यारे असतात, भीती आणि घाई. "तुमचे केवायसी संपले, आज खाते बंद होईल." "दूतावासातून बोलतो, तुमच्या पासपोर्टवर गुन्हा नोंद आहे." "पार्सलमध्ये भलतेच सामान सापडले, व्हिडिओवरून हलू नका." परदेशी माणूस आधीच कागदपत्रांच्या धास्तीत असतो, म्हणून तो लवकर सापडतो. असा फोन बंद करून आपल्याकडे असलेल्या खऱ्या नंबरवर स्वतः विचारा. व्हॉट्सअॅपवर आलेली अॅपची फाइल कधीच उघडून बसवू नका, मग ती बँकेच्या नावाने असो, लग्नपत्रिकेच्या नावाने असो की उमराहच्या यादीच्या. कोणाच्या सांगण्यावरून फोनचा पडदा त्याला दिसेल असे अॅप घेऊ नका. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देताना लागतो.

पडून राहिलेले खाते आणि भाड्याने दिलेले खाते

ज्या खात्यात दोन वर्षे मालकाने काही व्यवहार केला नाही ते निष्क्रिय होते. दहा वर्षे असेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, मालकाला किंवा वारसाला बँकेकडून परत मागता येते. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यास बँकेने पैसे घ्यायचे नाहीत असा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. तरी ती यातायात कशाला? वर्षातून एकदा थोडी रक्कम भरा किंवा काढा. नको असलेले खाते जाण्यापूर्वी बंद करा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे खाते दुसऱ्याला वापरायला देणे. परदेशी निघालेल्या गरीब पोराला कोणी गाठतो आणि म्हणतो, "तुझे खाते इथे पडूनच राहणार. पासबुक, कार्ड आणि सिम दे, पाच-दहा हजार घे." त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. पोलिसांच्या चौकशीत पहिले नाव निघते ते खातेदाराचे. खाते गोठते, आणि दोन वर्षांनी अम्मीला भेटायला आलेला मुलगा चौकशीच्या फेऱ्यांत अडकतो. त्याने एक पैसा चोरलेला नसतो, पण खाते त्याचेच असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना पासपोर्ट हाती देतानाच सांगावी.

पैसे गेलेच तर

पहिला तास सर्वात मोलाचा. प्रथम अॅपमधून कार्ड व व्यवहार बंद करा, मग बँकेला कळवा. इथे एक अडचण येते. १८०० ने सुरू होणारे फुकटचे नंबर आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हा नंबर परदेशातून लागेलच असे नाही. म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, शून्य शून्य एक्क्याण्णवसकट, कागदावर लिहून सामानात ठेवा. फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा? दरम्यान घरच्या माणसाने इथून १९३० वर तक्रार नोंदवावी. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि बँकेला ई-मेल करा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो.

वेळेचा पुरावा कशाला, तेही सांगतो. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की चूक ना बँकेची ना गिऱ्हाईकाची, अशा फसवणुकीची खबर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर गिऱ्हाईकावर बोजा नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत बोजा येतो, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. गिऱ्हाईकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे. आपल्या बँकेचे या बाबतीतले आजचे धोरण निघण्यापूर्वी वाचून घ्या. उशीर जितका जास्त तितका आपला हक्क कमी, हे सूत्र धरून चाला. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ती तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला फी नाही.

निघण्यापूर्वीची यादी

१. खात्याला जोडलेला नंबर आणि ई-मेल तपासा, रोमिंग चालू करा, रिचार्जची जबाबदारी सोपवा.

२. नोकरीसाठी जात असाल तर खाते अनिवासी करण्याचा अर्ज द्या.

३. पिन व कोऱ्या सह्या देऊ नका, अधिकारपत्र करा. घरखर्चाची रक्कम दरमहा आपोआप जाईल असे पाहा.

४. नामनिर्देशन भरलेले आहे का पाहा आणि घरच्यांना सांगा.

५. कार्डाचा परदेश वापर चालू करा, मर्यादा कमी ठेवा, दुसरे कार्ड वेगळे ठेवा.

६. प्रत्येक व्यवहाराचा संदेश येतो याची खात्री करा. दर आठवड्याला उतारा पाहा.

७. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे एका कागदावर लिहून ठेवा. पिन त्या कागदावर नको.

८. नको असलेली खाती बंद करा. कोणाला वापरायला देऊ नका.

या सगळ्या कामाला शाखेत एक सकाळ आणि घरी एक संध्याकाळ पुरते. शाखेत एकटे जाऊ नका. ज्याला अधिकार देणार त्याला, आणि बायकोलाही, बरोबर न्या. काय लिहिले आणि का लिहिले हे सगळ्यांच्या समोर होऊ द्या. जे समोर लिहिले गेले त्याबद्दल मागे संशय राहत नाही. उन्हातान्हात, घरादारापासून दूर राहून कमावलेला हा पैसा आहे. तो ज्यांच्यासाठी कमावला त्यांच्यापर्यंत सुखरूप पोहोचावा आणि परतल्यावर भाऊ भावाशी मोकळेपणाने बोलावा, एवढ्यासाठी ही एक सकाळ जरूर काढा.